राखीव नमुना

बाईंना आम्ही पाठीमागे पुन्हाबाई म्हणायचो. हे नाव आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं की त्यात फेरफार करायची कोणाला गरज वाटली नव्हती. शंभर दाणे मोजून पुढे केले की बाई म्हणायच्या, "पुन्हा मोज." पुन्हा शंभरच भरले तरी, "पुन्हा मोज." तिसऱ्यांदा मोजताना एखादा दाणा नेम धरून त्यांच्या कपाळावर मारावा, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. मी तशी तोंडाने फटकळ. त्यात वर्गात पहिली, त्यामुळे घरच्यांनी आणि मास्तरांनी मिळून डोक्यावर चढवून ठेवलेली. मला कोणी "पुन्हा" म्हटलं की पित्त खवळायचं.

विद्यापीठाच्या कृषी विभागात दर उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं संशोधन प्रशिक्षण असायचं. तिसरं वर्ष संपलेली मुलं यायची. प्रत्येकाला एक टेबल, एक वही आणि एक लहानसा प्रश्न मिळायचा, त्याचं उत्तर स्वतः शोधायचं. शेवटी अहवाल लिहिला की प्रमाणपत्र, आणि ते प्रमाणपत्र नसेल तर चौथ्या वर्षाला प्रवेश नाही. काही मुलं मातीकडे जायची, काही किडींकडे. आम्ही आठ जण बियाणे प्रयोगशाळेत, म्हणजे बाईंच्या राज्यात पडलो. बाई प्राध्यापक नव्हत्या, तंत्रसहायक होत्या. पण तिथे हुकूम त्यांचाच चालायचा. प्राध्यापकसुद्धा दारात चपला काढून आत येत.

पहिल्या दिवशी बाईंनी कपाटातून एप्रन काढून टेबलावर मांडले. आम्ही आठ आणि एप्रन नऊ. "आम्हाला मोजायला लावतात आणि स्वतःला आठापर्यंत येत नाही," मी शेजारणीच्या कानात म्हटलं. बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी उरलेला एप्रन उचलला, झटकला आणि सिंकजवळच्या खुंटीला टांगला. पुढचे आठ आठवडे तो तिथेच होता. दर शनिवारी आमच्या एप्रनांबरोबर तोही धुतला जाई, जरी तो कोणी घातलेला नसे.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. त्याआधी त्यांना एका माणसाला भेटून एक गोष्ट सांगायची होती. ती त्यांनी तेवीस वर्षं सांगितली नव्हती आणि आपल्याच्याने ती सांगून होणार नाही, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक किरकिरी म्हातारी दिसत होती.

आमचं काम समजायला सोपं होतं आणि करायला कंटाळवाणं. पोत्यातून आलेलं बी उगवतं की नाही, हे पेरणीआधी तपासायचं. शंभर भोकांच्या पाटीवर दाणे पसरायचे, भोकाला एक दाणा. मग ते ओल्या जाड कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि ती जर्मिनेटरमध्ये उभी ठेवायची. जर्मिनेटर म्हणजे कोमट, दमट हवेचं लोखंडी कपाट. दिवसरात्र एका सुरात घुंऽ करत असायचं. एका नमुन्याच्या चार गुंडाळ्या. आठव्या दिवशी त्या सोडायच्या आणि मोजायचं. धड रोपं किती, वेडीवाकडी किती, मेलेले दाणे किती. मेलेला सोयाबीनचा दाणा बोटाने दाबला की पिचकतो आणि त्याचा वास नखात दोन दिवस राहतो.

मोजून झालं की आकडा नोंदवहीत जायचा आणि रोपं टोपलीत. टोपली रोज संध्याकाळी खतखड्ड्यात रिकामी व्हायची. म्हणजे उरायचा तो आकडा. तो खरा की खोटा, हे बघायला मागे काहीच उरत नसे. म्हणूनच आकड्यापुढे दोन सह्या लागत, एक मोजणाऱ्याची आणि एक शेजारी उभं राहून बघणाऱ्याची. बघणाऱ्याची सही बाईंची. एकदा माझ्या शेजारणीने वेळ वाचवायला म्हणून सकाळीच रिकाम्या पानावर स्वतःची सही करून ठेवली. बाईंनी ते पान पाहिलं. त्या ओरडतील म्हणून आम्ही माना खाली घातल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ते पान फाडलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि बराच वेळ ते मुठीत धरून उभ्या राहिल्या. शेजारीण बिचारी रडकुंडीला आली.

अजून एक गोष्ट होती. बाई आमच्याकडे पाठ करून काही लिहीत बसलेल्या असायच्या आणि मधेच, मान न वळवता विचारायच्या, "सिंकपाशी कोण आहे?"

"कोणी नाही बाई."

"बरं."

आम्ही सगळे टेबलापाशी असायचो आणि सिंक मोकळं. आधी आम्ही यावर खूप हसलो. जेवणाच्या सुट्टीत मी बाईंची नक्कल करायची आणि मुलं टेबलं बडवायची. पण एका दुपारी प्रयोगशाळेत बाई आणि मी दोघीच होतो. मी दाणे मांडत होते. बाईंनी विचारलं, "सिंकपाशी कोण आहे?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच त्या हळूच म्हणाल्या, "नळ बंद कर गं, पाणी वाया जातंय." नळ बंदच होता. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या दिवसापासून मी नक्कल सोडली.

मला मिळालेला प्रश्न होता, साठवणीत बी किती लवकर म्हातारं होतं. सोयाबीनचं बी फार नाजूक. गहू वर्षानुवर्षं तग धरतो, सोयाबीन दोन-तीन वर्षांत मान टाकतं. मला एक वर्षाचं, दोन वर्षांचं, पाच वर्षांचं असं बी हवं होतं. दर नमुन्यातला थोडा भाग प्रयोगशाळा मोहोर लावून बाजूला ठेवते. त्याला राखीव नमुना म्हणतात. पुढेमागे आकड्यावर वाद झालाच तर तो उघडून पुन्हा तपासायचा. तीन वर्षांनी हे नमुने फेकून द्यायचा नियम आहे, पण सरकारी नियम आणि फेकायचा कंटाळा यांत जिंकतं कोण, हे सांगायला नको. मी जुनं बी शोधत खालची कपाटं उपसायला लागले.

सगळ्यात खालच्या कप्प्यात, तुटक्या तराजूंच्या मागे, पत्र्याचा एक डबा मिळाला. त्यावरच्या चिठ्ठीत तेवीस वर्षांपूर्वीची तारीख होती. आत पाव डबा सोयाबीन, काळवंडलेलं. मला कोण आनंद झाला. इतकं जुनं बी माझ्या अहवालात असलं की सर खूश. बाई त्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी कचेरीत गेल्या होत्या. कोणाला न विचारता मी शंभर दाणे मोजले, गुंडाळी केली आणि वर पेन्सिलीने डब्यावरचीच तारीख घालून जर्मिनेटरमध्ये ठेवून दिली.

डब्याच्या झाकणाला आतून एक घडी घातलेला कागद चिकटवला होता. त्यावर बाईंच्या अक्षरात आकड्यांचा एक रकाना होता. वरचा आकडा एकसष्ट पूर्णांक पाच. त्याखाली अडतीस. मग चौदा. मग दोन. मग शून्य. आणि मग शून्यच शून्य, दर वर्षी एक, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं. मी मोजली, एकोणीस शून्यं होती. शेवटचं गेल्या उन्हाळ्यातलं.

मेलेलं बी मेलेलं आहे हे बघायला एकोणीस वर्षं कोण लावतं? मला हसू आलं नाही. मी डबा होता तिथे ठेवला आणि हात दोनदा धुतले.

आठव्या दिवशी दुपारी बाकीची मुलं शेतावर गेली होती. मी गुंडाळी सोडली. शंभरच्या शंभर दाणे कुजून कागदाला चिकटले होते. बाई साक्षीच्या सहीसाठी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखेवर गेली.

"हे कुठून घेतलंस?"

"खालच्या कपाटातून. बाई, मला जुनं हवं होतं म्हणून..."

बाई स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता माझी गच्छंती. पण त्या म्हणाल्या, "शून्यच ना?"

"हो."

"पुन्हा मोज," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी तोपर्यंत असं रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं सुचेना. मी त्यांच्यासाठी ग्लासभर पाणी आणायला सिंकपाशी गेले तर त्या घाईने म्हणाल्या, "तिथे नको, इकडे ये, इथे बस." मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

तेवीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अशीच एक प्रशिक्षणार्थी होती. शांत मुलगी. काम संपलं की सगळ्यांचे चंबू-पेले धूत सिंकपाशी उभी राहायची, कोणी सांगितलं नसताना. तिच्याकडे विभागाच्या स्वतःच्या नव्या वाणाचा नमुना होता. तो वाण म्हणजे विभागप्रमुख सरांच्या नऊ वर्षांची मेहनत. महिन्याभरात त्याचं बी बाहेर वाटायचं होतं. उगवण पंच्याऐंशीच्या वर येणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मोजणीच्या दिवशी बाईंच्या मुलाच्या शाळेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. मुलगा साडेपाच वर्षांचा. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि नवरा फिरतीवर, दुसरं कोण जाणार? बाईंनी सकाळी नोंदवहीच्या रिकाम्या पानावर साक्षीची सही करून ठेवली, मुलीला म्हणाल्या, "तू सुरू कर, मी येतेच," आणि जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. रांग हलली संध्याकाळी. त्या परतल्या तेव्हा टोपली रिकामी झाली होती आणि वहीत त्यांच्या सहीशेजारी आकडा होता, एकसष्ट.

"असं सगळेच करायचे गं," बाई म्हणाल्या. "रिकाम्या पानावर सही. कोणाला काही वाटायचं नाही त्याचं."

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघींना खोलीत बोलावलं. वही उघडीच होती. सरांनी आधी मुलीला विचारलं, "मोजताना बाई हजर होत्या?" मुलीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "होत्या."

"तिने मला वाचवलं," बाई म्हणाल्या. "मी मागितलंही नव्हतं. खोटं बोलायची सवय नव्हती तिला, कान लाल झाले होते. आणि मग सर माझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, सही तुमची आहे, मग एकसष्ट कसे? माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. पक्की करायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता, मला समोर दिसत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सर, मलाही शंका आली होती. म्हणून संध्याकाळी मी टोपलीतून रोपं काढून पुन्हा मोजली. सत्याऐंशी भरले."

माझ्या कानांत फक्त जर्मिनेटरची घुंऽ येत होती.

मुलीचं प्रशिक्षण तिथेच रद्द झालं. तिच्या कागदावर शेरा आला, 'नोंदी विश्वासार्ह नाहीत'. प्रमाणपत्र नाही म्हणजे चौथं वर्ष नाही. ती खोलीतून निघाली तेव्हा बाईंच्या अंगावरून गेली. "एक शब्द बोलली नाही. तिला कळलं असणारच ना की मी खोटं बोलतेय. थुंकली असती तरी चाललं असतं."

त्याच संध्याकाळी बाईंनी राखीव नमुना उघडला आणि कोणाला न सांगता चार गुंडाळ्या लावल्या. सत्याऐंशी येऊ देत, असं त्या आठ दिवस मनात घोकत होत्या. आठव्या दिवशी एकटीने मोजलं. बासष्ट, साठ, एकसष्ट, त्रेसष्ट. मुलीचा हात सच्चा होता. पोरीने एक दाणासुद्धा चुकवला नव्हता.

"मग सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. "पुरावा होता तुमच्याकडे. डबा होता. चार गुंडाळ्या होत्या."

"तोपर्यंत ती गेली होती गं. आठ दिवस झाले होते. आता सांगून काय, असं वाटलं. पुढच्या महिन्यात माझी ऑर्डर आली. बी वाटलं गेलं, पुढच्या हंगामात ठिकठिकाणी विरळ उगवलं, सगळे म्हणाले हवामान. मी पुढच्या वर्षी पुन्हा शंभर दाणे लावले. म्हटलं, अजून उगवतंय, म्हणजे अजून सिद्ध करता येईल. अडतीस आले. त्याच्या पुढच्या वर्षी चौदा. मग संपलंच. पत्ता तरी कोणाकडे मागायचा? काय म्हणून मागायचा?"

"आणि सिंकपाशी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असते," त्या साधेपणाने म्हणाल्या. "त्रास देत नाही. भांडी धूत असते."

मी त्या दिवशी बाईंना नाही नाही ते बोलले. आज ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा माझं वय एकवीस होतं आणि जग सरळ होतं. माझ्या डोळ्यांसमोर मी होते, सरांच्या खोलीत, लाल कानांची. त्या मुलीच्या जागी मी असते तर? मी बाईंना म्हटलं, "रडू नका, रडायचा हक्क नाही तुम्हाला." आणि दार आपटून निघून गेले.

राग माझा नेहमी हातापायांत उतरतो, काहीतरी करायला लागतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या कारकुनाला गोड बोलून प्रशिक्षणाच्या जुन्या फायली मागितल्या. अर्ध्या तासात मुलीचा अर्ज मिळाला. फोटो, दोन वेण्या, घरचा पत्ता. ही फाईल प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या कपाटात तेवीस वर्षं पडून होती. मी पत्ता कागदावर उतरवून बाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकला.

मग सुरू झाल्या सबबी. आधी गुडघा दुखत होता. मग प्रयोगशाळेचं सामान पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं होतं. मग म्हणाल्या, "तिचं लग्न झालं असेल, ती तिथे नसेलच." मी अर्जावरच्या नंबरवर तिच्या माहेरी फोन लावून चौकशी केली. तिच्या भावाने सांगितलं, ती दोन तासांवरच्या गावी असते, जावेबरोबर शिवणसामानाचं दुकान चालवते. हे ऐकल्यावर बाईंना तापच आला.

मी त्यांना बघायला घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत औषधांच्या बाटल्या, भिंतीवर मुलाचे फोटो. मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा, धिप्पाड, हसरा, पूल बांधणारा इंजिनिअर. आईच्या उशाशी बसून तिला बिस्किटं भरवत होता. मला म्हणाला, "आईची शिस्त कडक आहे ना? पण मी आज जो काही आहे तो हिच्यामुळे. माझ्या शाळेच्या फॉर्मसाठी दिवसभर रांगेत उभी होती म्हणे. त्या शाळेत नसतो गेलो तर कुठे हातगाडी ढकलत असतो." बाईंनी बिस्किट तोंडातून काढून बशीत ठेवलं. "पुरे," त्या म्हणाल्या. मुलाला वाटलं, कौतुक पुरे. त्याला काहीच माहीत नव्हतं आणि मला तो आवडला, याचाच मला राग आला.

तो चहा करायला आत गेला तेव्हा बाई कुजबुजल्या, "ती माझ्या तोंडावर दार लावेल गं."

"लावू दे. तेवढं तरी तिला मिळू दे."

निवृत्तीला चार दिवस होते. बाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या."

बसमध्ये त्यांनी डबा पिशवीत घालून मांडीवर धरला होता. शेजारची जागा रिकामी होती. मी तिथे बसायला गेले तर त्यांनी मला थांबवलं आणि पलीकडच्या बाकाकडे बोट केलं. मी मुकाट्याने तिकडे बसले. दोन तास ती जागा रिकामीच राहिली आणि मधे चढलेल्या एका माणसालाही बाईंनी तिथे बसू दिलं नाही.

दुकान चिंचोळं होतं, भिंतींना खालपासून वरपर्यंत खणच खण. बटणं, हूक, चेन, दोऱ्याची रिळं. गल्ल्यामागे ती होती. दोन वेण्यांचा आता लहानसा अंबाडा झाला होता, पण चेहरा फोटोतलाच. एका गिऱ्हाइकासाठी ती बटणं मोजत होती. बारा मोजली, पुडीत घातली आणि पुडी शेजारच्या जावेकडे सरकवली. जावेने न विचारता ती उघडून बारा मोजली आणि मग गिऱ्हाइकाला दिली. आम्ही दारात उभ्या होतो तेवढ्या वेळात हे तीनदा झालं.

मग तिचं लक्ष गेलं. ती बघत राहिली आणि एकदम उठली. "बाई! तुम्ही? अहो, आत या ना, बसा, बसा." तिने स्वतःचं स्टूल पुसून पुढे केलं. जावेला म्हणाली, "या आमच्या बाई, विद्यापीठातल्या. सांगितलं नव्हतं का तुम्हाला? माझी मोजणी चुकली होती, ती यांनी पकडली होती. सव्वीस रोपं चुकवली होती मी शंभरात! मोजायच्या बाबतीत तेव्हापासून माझा काही भरवसाच नाही. आमच्या घरात औषधाचे थेंबसुद्धा जाऊबाई मोजतात." आणि ती हसली. मनापासून हसली.

बाई उभ्याच होत्या. तेवीस वर्षं त्या धरून चालल्या होत्या की ही मुलगी आपल्याला ओळखून आहे, आपला तिरस्कार करते आहे. त्या भरवशावर त्या जगल्या होत्या म्हणा ना. आणि हिने बाईंवर विश्वास ठेवला होता.

"तुझं चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी मोजलंच नव्हतं. टोपली रिकामी झाली होती. मी खोटं बोलले." मग त्या थांबल्या नाहीत. रांग, सही, सरांच्या टेबलावरचा कागद, सगळं एका दमात सांगितलं, एकही सबब न घालता. पिशवीतून डबा काढून गल्ल्यावर ठेवला. "राखीव नमुन्याच्या चार गुंडाळ्या लावल्या मी. बासष्ट, साठ, एकसष्ट, त्रेसष्ट. तू बरोबर होतीस. तू अगदी बरोबर होतीस."

ती डब्याकडे बघत राहिली. जाऊ काही बोलणार होती, तिने हाताने थांबवलं. तिचे कान लाल झाले होते.

"कधी मोजलं?" तिने विचारलं.

"आठव्या दिवशी. त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आले असते, पण तू घरी निघून गेली होतीस..."

"मी घरी गेले नव्हते."

बाईंना कळलं नाही.

"होस्टेलची खोली महिनाअखेरपर्यंत माझ्या नावावर होती," ती शांतपणे म्हणाली. "मी घरी सांगितलंच नव्हतं. तिथेच होते, दुसऱ्या मजल्यावर. समोर तुमच्या प्रयोगशाळेची खिडकी दिसायची. मला वाटायचं, राखीव नमुना आहे, बाई तो लावतील. आठ दिवस लागतील, तोवर थांबू. आठव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही तिथे एकट्या होतात. मोजताना दिसत होतात. मग तुम्ही मान वर केलीत आणि सरळ माझ्याकडे पाहिलंत. मी हात केला."

बाईंनी गल्ल्याची कड धरली. "ती तू होतीस?" त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मला वाटलं, भास झाला. मी घाबरले. मी..."

"पडदा ओढून घेतलात," ती म्हणाली. "तेव्हा मला वाटलं, सत्याऐंशीच आले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी फोन केला आणि बाबांना म्हटलं, न्यायला या."